रुपेरी पडद्याचे जन्मदिवस

थोरांच्या जयंत्या व पुण्यतिथ्या पाळण्याची आपल्या समाजास मोठी हौस आहे. त्या हौसेत चित्रपटाचीही भर पडली, ह्यात वावगे काही नाही. दरसाल ३ मे उजाडला की दादासाहेब फाळके ह्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटाचे स्मरण होते. आणि त्याच्या तीनच दिवस आधी, ३० एप्रिलला, खुद्द दादासाहेबांची जयंती येऊन गेलेली असते. परंतु मनुष्याचा जन्मदिवस व कलेचा जन्मदिवस ह्यांत एक भेद आहे. पहिला निसर्ग ठरवितो. दुसरा लोक मागाहून ठरवितात.

२८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिस येथील ग्रँड कॅफेत ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून चलच्चित्रे दाखविली. तो दिवस सिनेमाचा जन्मदिवस म्हणून सर्वत्र मान्य झाला. तथापि ह्याच बंधूंनी त्याच वर्षीच्या २२ मार्चला निमंत्रित मंडळींपुढे आपले यंत्र चालवून दाखविले होते. आणि बर्लिन शहरी स्क्लादानोव्स्की बंधूंनी १ नोव्हेंबरलाच पैसे घेऊन असा खेळ केला होता. मग मान २८ डिसेंबरला का? ल्युमिएरांचे यंत्र पुढे देशोदेशी गेले, म्हणून. ७ जुलै १८९६ रोजी ते मुंबईस वॉटसन हॉटेलातही येऊन पोचले होते. ज्याची परंपरा चालली, त्याची तिथी टिकली.

आपल्याकडेही हाच न्याय लागू पडला. ‘राजा हरिश्चंद्र’ निमंत्रितांनी २१ एप्रिल १९१३ रोजी पाहिला. सामान्य प्रेक्षकांनी तो ३ मे रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात पाहिला. त्याच कॉरोनेशनमध्ये १८ मे १९१२ रोजी दादासाहेब तोरणे ह्यांचा ‘श्रीपुंडलिक’ लागला होता. ते रंगभूमीवरील नाटकाचे चित्रण होते व त्याचा छायाचित्रकार परदेशी होता, असा आक्षेप घेतला जातो. तोरण्यांचे ऋण मान्य करूनही आम्ही अग्रमान फाळक्यांसच देतो. कारण त्यांनी चित्रपटाचा सारा उद्योग ह्या भूमीत रुजविला.

परंतु ज्याचा वाढदिवस आपण करतो, त्याची आज अवस्था काय? ‘राजा हरिश्चंद्रा’च्या चार रिळांपैकी पहिले व शेवटचे एवढीच उरली, आणि तीही १९१७ सालच्या पुनर्निर्मितीची असावीत, असे काही अभ्यासक मानतात. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात झळकलेल्या ‘आलम आरा’ ह्या आपल्या पहिल्या बोलपटाची एकही प्रत उपलब्ध नाही. जुनी फिल्म अत्यंत ज्वालाग्राही. शिवाय तिच्यातील चांदीच्या लोभाने कित्येक प्रती गाळल्या गेल्या. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यास १९६४ साली, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्रा’नंतर अर्ध्या शतकाने, स्थापन झाले, आणि २००३ सालच्या जानेवारीत पुण्यातील जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात लागलेल्या आगीत त्या संग्रहालयाची हजारो जुनी रिळे भस्मसात झाली.

कोणी म्हणतील, त्या ओबडधोबड चित्रांत आता पाहण्याजोगे काय आहे? त्यांनी प्रभातचा १९३२ सालचा ‘अयोध्येचा राजा’ पाहावा. सुदैवाने तो उपलब्ध आहे. कथा तीच, हरिश्चंद्राची. परंतु फाळक्यांस तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळाली नाही. ती अण्णा साळुंके ह्या पुरुषाने केली. प्रभातच्या चित्रपटात तीच तारामती दुर्गाबाई खोटे ह्या प्रतिष्ठित घराण्यातील सुशिक्षित स्त्रीने उभी केली. अवघ्या एकोणीस वर्षांत आपला समाज किती पालटला, हे ग्रंथ वाचून कळते खरे. परंतु ही दोन चित्रे शेजारी ठेवली असता ते डोळ्यांना दिसते. एक चित्र गेले की तुलनाही गेली.

म्हणून जयंतीच्या दिवशी तसबिरीस हार घालून भाषणे करण्यापेक्षा उरलेली रिळे मुलाबाळांसह पाहण्याचा प्रघात पडावा, असे आम्हांस वाटते. ज्या वस्तूस पाहणारे आहेत, ती जतन करणारेही मिळतात. ज्या चित्रपटांची केवळ तिथीच उरली, त्यांचा वाढदिवस कसला? ती पुण्यतिथीच होय.