लोणारच्या विवराचं कूळ

लोणारच्या विवराचा पहिला पंचनामा पुराणकथेनं केला. लवणासुर नावाचा राक्षस इथे जमिनीच्या पोटात दडून राहायचा आणि आसपासच्या मुलखाला छळायचा. देवांनी विष्णूकडे धाव घेतली. विष्णू देखण्या तरुणाच्या रूपात आला, राक्षसाच्या दोन बहिणींना भुलवून त्यानं भावाचा ठावठिकाणा काढून घेतला आणि त्या भुयारावरचं झाकण पायाच्या अंगठ्यानं उडवलं. झाकण नैर्ऋत्येला कैक कोसांवर जाऊन पडलं, त्याची टेकडी झाली. मारलेल्या राक्षसाचं रक्त म्हणजे तळ्याचं पाणी आणि मांस म्हणजे त्यातले क्षार. गावातलं दैत्यसूदनाचं कोरीव देऊळ याच वधाची आठवण सांगतं.

म्हणून आपल्या पूर्वजांना उल्कापात ठाऊक होता, असं कुणी सांगू लागलं तर त्याला लांबूनच हात जोडावेत. पण कथा रचणाऱ्याची नजर पक्की होती, हे मात्र मान्य करायला हवं. खड्डा गोल आहे, त्यातलं पाणी इतर पाण्यासारखं नाही, आणि इथून काहीतरी प्रचंड जोरानं बाहेर फेकलं गेलंय, ही तिन्ही कलमं कथेत आहेत. यातल्या तिसऱ्या कलमाचा अर्थ लागायला भूशास्त्राला शंभरावर वर्षं लागली.

राक्षसानंतर आला महसूल. ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाडच्या सुभ्याचं वर्णन करताना अबुल फजलनं या भागाची दखल घेतली. काच आणि साबण करायला लागणारं साहित्य इथल्या डोंगरात मिळतं, शिवाय सोऱ्याच्या उत्पन्नातून सरकारला चांगली रक्कम येते, हे त्यानं नमूद केलं. खड्डा कसा पडला याच्याशी दरबाराला देणंघेणं नव्हतं. वसूल किती, एवढंच पाहायचं होतं. आणि वसूल होताच. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काठच्या काळ्या, घाणेरड्या वासाच्या चिखलावर पांढरा थर धरायचा. लोक तो खरवडून, वाळवून, निवडून घ्यायचे. दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी त्याची प्रतवारी होती. बांगड्यांची काच, साबण, कापडाची रंगाई अशा कामांसाठी हा माल बाहेर जायचा. निजामाचा अंमल गेला, इंग्रजांचा आला, तरी खाराची मोजदाद चालूच राहिली.

हा खार येतो कुठून, याचं उत्तर साधं आहे. या खोलगट भांड्यात पाणी येतं, पण बाहेर जायला वाट नाही. काळ्या पाषाणाची झीज होऊन सुटलेले क्षार पाण्याबरोबर उतरतात. उन्हानं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि हे हजारो वर्षं चालू आहे. त्यामुळे तळ्याचं पाणी समुद्रासारखं नुसतं खारट नाही. ते सोड्यासारखं अल्कधर्मी आहे. मासा त्यात सहसा जगत नाही, निळं-हिरवं शेवाळ मात्र मजेत वाढतं. गंमत अशी की विवराच्या कडेवरच गोमुखातून गोड्या पाण्याची धार बारमाही वाहते आणि भाविक तिथे अंघोळ करतात. खाली कमळजादेवीच्या देवळाजवळ सासू-सुनेची विहीर आहे. तिच्या एका बाजूचं पाणी गोड, दुसऱ्या बाजूचं खारं म्हणतात. कोणती बाजू सुनेची, हे विचारणाऱ्याच्या नात्यावर ठरत असावं.

१८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं विवर पाहिलं आणि त्याची नोंद केली. तिथून लोणार साहेबलोकांच्या कागदात शिरलं. साहेबांसमोर पेच वेगळाच होता. अख्खं दख्खन लाव्ह्याचं बनलेलं आहे, इथला प्रत्येक दगड ज्वालामुखीच्या पोटातला. मग त्यात एक गोल खड्डा दिसला तर तो ज्वालामुखीचाच, हे अनुमान कुणीही केलं असतं. भूगर्भशास्त्रज्ञ ब्लॅनफर्ड यांनी तेच केलं. पुढे १९१२ मध्ये ला तूश यांनी लोणारच्या भूरचनेवर सविस्तर लिहिलं, तेही त्याच कुळात राहून. कुणी म्हणे जमिनीखाली वाफ कोंडून स्फोट झाला, कुणी म्हणे फुगलेली जमीन खचली.

पण हिशेब जुळत नव्हता. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झाला. एवढ्या जुन्या ज्वालामुखीचं तोंड आजवर झिजून सपाट व्हायला हवं होतं. लोणारची कड मात्र आसपासच्या जमिनीपेक्षा वीस-तीस मीटर उंच, नीट उभी आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या आसपास. आणि कडेला लाव्ह्याचे थर सरळ आडवे नाहीत. ते बाहेरच्या बाजूला वाकलेत, काही ठिकाणी तर कणकेची पोळी परतावी तसे उलटे पडलेत. वरचा थर खाली, खालचा वर.

या गोंधळात एक अमेरिकी माणूसही सापडतो. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हा त्या काळचा मातब्बर भूशास्त्रज्ञ. ॲरिझोनातलं एक विवर अभ्यासून १८९६ मध्ये त्यानं लिहिलं की वऱ्हाडातलं लोणार याच्यासारखंच दिसतं. साम्य त्यानं अगदी बरोबर हेरलं. निष्कर्ष मात्र साफ चुकवला. त्याच्या मते ॲरिझोनातला खड्डा वाफेच्या स्फोटानं झाला होता. तेच विवर आज ‘मीटिअर क्रेटर’ म्हणून जगभर ओळखलं जातं. १९६० मध्ये तिथे धक्क्यानं घडलेलं खनिज सापडलं आणि वाफेची गोष्ट संपली. लोणारच्या भावकीचा शोध असा सातासमुद्रापार लागला. १९६४ मध्ये लाफाँड आणि डीट्झ यांनी लोणारही उल्केचंच असावं, अशी शंका मांडली.

शंका वेगळी आणि पुरावा वेगळा. उल्का तर जागेवर नव्हतीच. एवढ्या वेगानं आदळणारा गोळा स्वतःच बहुतांशी वितळून वाफ होऊन जातो, मागे फारसं काही ठेवत नाही. मग पुरावा आदळणाऱ्याचा नाही, मार खाणाऱ्याचा शोधायचा. भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी तळ्याच्या तळाशी भोकं पाडून खालचे दगड वर काढले. कडेवर चर खणले. इथल्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, प्लॅजिओक्लेज नावाचे बारीक पांढुरके स्फटिक असतात. खालून आलेल्या चुऱ्यात त्यातल्या काही कणांचा आकार जसाच्या तसा होता, पण आतली स्फटिकाची मांडणी विस्कटून त्यांची काच झालेली होती. वितळून नव्हे, नुसत्या धक्क्यानं. या काचेला मास्केलिनाइट म्हणतात, आणि ती ज्वालामुखीत तयार होत नाही, कारण तसा दाब ज्वालामुखीकडे नसतोच. कडेवरच्या चरांत वितळलेल्या खडकाचे बारीक गोल मणीही मिळाले. १९७३ मध्ये फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांचा लेख ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला आणि ज्वालामुखीचा दावा निकालात निघाला.

काळही कसा बघा. चंद्रावरून माणसं नुकतीच दगड घेऊन परतली होती. चंद्राचे काळे डाग म्हणजे बेसॉल्टची मैदानं आणि त्यावर विवरंच विवरं. पृथ्वीवर बेसॉल्टमध्ये पडलेलं उल्काविवर तोवर दुसरं ठाऊक नव्हतं. कालपर्यंत खारासाठी ओळखला जाणारा बुलढाणा जिल्ह्यातला खड्डा अचानक चंद्राचा सोयरा ठरला.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. विवराचं कूळ सापडलं, पण वयाचं भांडण उरलं. दगडाला शेवटची आच कधी लागली हे मोजणाऱ्या एका पद्धतीनं आघात ५२ हजार वर्षांपूर्वीचा ठरवला. पुढे वितळलेल्या खडकातला आर्गॉन वायू मोजला, तेव्हा आकडा पावणेसहा लाखांच्या आसपास गेला. दोन्हींत दहापटीहून जास्त अंतर! शेजारच्या अंबर तळ्याबद्दलही एकमत नाही. ते उल्केच्या फुटक्या तुकड्यानं पडलेलं धाकटं भावंड आहे, असं काही अभ्यासक मानतात, काहींना ते पटत नाही.

संरक्षण मात्र दुसऱ्याच दारानं आलं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं लोणारला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकांच्या यादीत घेतलं, तो मान झाला. कायद्याचं बळ मिळालं ते जून २००० मध्ये, अभयारण्य जाहीर झाल्यावर. म्हणजे लोणार वाचलं ते मोर, वानरं, घोरपडी आणि उतारावरच्या झाडीच्या नावावर. नोव्हेंबर २०२० मध्ये ते रामसर पाणथळींच्या यादीत गेलं. नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातलं हे दुसरं. ते पाण्याच्या आणि पाखरांच्या नावावर. त्याच वर्षी जूनमध्ये तळं गुलाबी झालं होतं, तेव्हा टाळेबंदीत घरी बसलेल्या महाराष्ट्रानं ते मोबाइलवर पाहिलं. पाणी आटून खार वाढला आणि खारातच सुखानं राहणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांनी रंग धरला, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासून सांगितलं. पाऊस पडला, रंग गेला. गोड्या पाण्याचं आणि गावाच्या सांडपाण्याचं संकट रंगाइतकं दिसत नाही. ते तळ्यात आलं की खार पातळ होतो आणि त्यावर जगणारं सगळं कोलमडतं. त्यासाठी कुणी मोबाइल काढत नाही.

अभयारण्याची हद्द मुख्यतः विवराभोवती फिरते. पण आघातानं बाहेर फेकलेला मलबा कडेपासून किलोमीटरभराहून पुढेपर्यंत पसरलेला आहे. त्यावर शेतं आहेत, रस्ते आहेत, खुद्द लोणार गावाचा भाग आहे. चंद्राशी तुलना करायला येणाऱ्या अभ्यासकाला विवराइतकाच हा मलबा मोलाचा वाटतो. सामान्य डोळ्यांना तो बांधावर टाकायचा मुरूम दिसतो, आणि बैलाच्या वा ट्रॅक्टरच्या नांगराला त्याचं कूळ ठाऊक नसतं. शेतकऱ्याला यात दोष देता येत नाही. त्याच्या सात-बाऱ्यावर मास्केलिनाइटचा रकाना कुणी ठेवलाय? वन्यजीव कायद्याला मोर कळतो, दगड कळत नाही. दगडांसाठी वेगळा कायदा असावा म्हणून केंद्र सरकारनं भूवारसा स्थळांच्या विधेयकाचा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी खुला केला, तो २०२२ च्या डिसेंबरात. ‘सायन्स’मधल्या त्या लेखाला तेव्हा ४९ वर्षं उलटून गेली होती.