फरशीवरचं कासव

मुलांबरोबर जोडलेल्या रोबोट-गाडीचं मूळ एका कासवात आहे! ब्रिस्टलमध्ये मेंदूचा अभ्यास करणाऱ्या ग्रे वॉल्टर यांनी १९४८-४९ मध्ये दोन यांत्रिक कासवं बनवली. प्रत्येकात दोनच व्हॉल्व्ह, तरी ती दिव्याकडे जात, अडथळा टाळत. पण त्यांचं वागणं जोडणीतच ठरलेलं. मुलांनी सांगावं असं त्यात काही नव्हतं.

ती सोय अमेरिकेत झाली. सेमूर पेपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि सहकाऱ्यांनी १९६७ साली मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा रचली. पुढे तिच्या आज्ञांवर फरशीवर रेघा काढणारं कासव आलं. ‘१०० पुढे, ९० उजवीकडे’ हे चार वेळा सांगितलं की चौरस. समभुज त्रिकोणाला मात्र मुलं हमखास ६० सांगतात, कारण पुस्तकातला कोन तेवढाच! मग निघतो अर्धा षटकोन. इथे लाल फुली मारायची नाही. मुलानं स्वतः कासव होऊन फरशीवर चालायचं. कोपऱ्यावर कळतं, वळायचंय १२० अंशांत. (पेपर्ट आधी जिनिव्हात पियाजेंबरोबर होते, हे इथे आठवतं.)

पेपर्टच्या १९८० च्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकाचं नाव लेगोने १९९८ मध्ये आपल्या रोबोट-संचाला दिलं. आपली गाडीही त्याच आज्ञा पाळते. फक्त तिच्या दोन मोटर सहसा अगदी सारख्या वेगाने फिरत नाहीत, म्हणून पहिला चौरस बहुधा उघडाच राहतो.