भुलेश्वरची पांजरपोळ : शेजारधर्माचे स्मारक

कापडखरेदीसाठी मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटमध्ये जाणाऱ्या खानदेशी व्यापाऱ्यास जवळची भुलेश्वरची पांजरपोळ परिचित असते. तिच्यामागील इतिहास मात्र थोड्यांनाच ठाऊक आहे.

इ. स. १८३२ मध्ये इंग्रज सरकारने मुंबईतील भटकी कुत्री बक्षीस लावून मारविली. पारशी धर्मात श्वानास विशेष मान. म्हणून पारशी बांधव प्रथम रस्त्यावर उतरले. जैन, हिंदू व मुसलमान शेजाऱ्यांनीही साथ दिली. बाजार बंद राहिला. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई व जैन श्रेष्ठी मोतीशा (मोतीचंद अमीचंद) यांच्या पुढाकाराने पांजरपोळ स्थापन झाली.

जमशेटजींच्या चीनशी चालणाऱ्या व्यापारात मोतीशा, कोकणी मुसलमान महंमद अली रोगे आणि गोव्याचे ख्रिस्ती रॉजर डी फारिया भागीदार होते. त्या व्यापारात अफूही होती, हे सत्य झाकू नये. तथापि पेढीवर जुळलेला विश्वास पुढे जीवदयेच्या कामी आला, हेही तितकेच सत्य.

जीवदया ही एकट्या जैनांची मिरास नव्हे. गिरणाकाठच्या आपल्या भडगावातही अठरापगड समाज नांदतो. सुवर्णमहोत्सवानंतरच्या वाटचालीत ट्रस्टने जीवदयेच्या कार्यात या सर्व शेजाऱ्यांना सहभागी करून घ्यावे, हीच नम्र विनंती.