डेंटल हायजिनिस्ट आणि रुग्णसंवाद
डेंटल हायजिनिस्ट म्हणजे दंतवैद्याच्या देखरेखीखाली दातांवरील कीटण काढणारा प्रशिक्षित कर्मचारी होय. दंतवैद्य अधिनियम, १९४८ च्या व्याख्येत मुखस्वच्छतेविषयी सूचना देणे हेही त्याचे काम मानले होते. रुग्णाला सूचना न समजल्यास कीटण पुन्हा साचते व हिरड्यांचा आजार बळावतो.

नाशिक जिल्ह्यात मराठीखेरीज पेठ-सुरगाण्यात कोकणा बोली व मालेगावात उर्दू बोलली जाते. त्यामुळे रुग्णाची भाषा प्रथम विचारात घ्यावी लागते. बालकांसाठी ‘सांगा, दाखवा, करा’ ही पद्धत वापरतात. मुखपट्टीमुळे ओठ दिसत नसल्याने कर्णबधिरांना सूचना आधीच लिहून किंवा खुणांनी देतात. दृष्टिहीनांना प्रत्येक स्पर्शाची व आवाजाची पूर्वकल्पना देतात. मशेरी लावणाऱ्यांना दोष न देता तिच्यातील तंबाखूचे दुष्परिणाम समजावतात.