साधन आणि संकेत : मराठी संकेतस्थळांच्या आरंभकाळातील निवडींचा विचार

१

एखाद्या लहानशा संगणक-गटाने संकेतस्थळ उभारताना कोणती साधने निवडावीत, हा प्रश्न वरवर पाहता इतिहासाच्या अभ्यासकाचा नव्हे. तो अभियंत्याचा, किंवा फार तर जमाखर्च पाहणाऱ्याचा प्रश्न मानला जातो. परंतु ज्या साधनाने मजकूर लिहिला गेला त्याच साधनावर तो पुढे वाचता येणे अवलंबून असेल, तर त्या साधनाची निवड ही आपोआपच भावी इतिहासाच्या साधनसामग्रीची निवड ठरते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने आपल्या देशात सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत मराठीतून जे लेखन संकेतस्थळांवर प्रसिद्ध झाले, त्यातील बरेचसे आज उघडू गेल्यास रोमन अक्षरांची निरर्थक रांग तेवढी दिसते. हे लेखन वाळवीने खाल्लेले नाही की पुरात वाहून गेलेले नाही. ते जागच्या जागी आहे; मात्र वाचता येत नाही. असे का घडले, आणि ज्यांनी त्या काळी साधने निवडली त्यांची निवड कोणत्या अर्थाने चुकली, याचा शोध प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

या विषयाचा वऱ्हाडशी संबंध दुहेरी आहे. ज्या पुण्याच्या संस्थेत भारतीय लिप्यांच्या संगणकीय मांडणीचे पायाभूत कार्य झाले, तिचे पहिले संचालक डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातील मुरंबा या गावी १९४६ साली जन्मले. हा झाला चरित्रात्मक संबंध. दुसरा अधिक व्यावहारिक आहे. अकोला, अमरावती यांसारख्या शहरांत आज तीन-चार जणांचा एखादा गट महाविद्यालयाचे, ग्रंथालयाचे किंवा बाजार समितीचे संकेतस्थळ तयार करावयास बसतो, तेव्हा त्याच्यापुढे तोच जुना प्रश्न नव्या नावांनी उभा राहतो.

२

प्रथम पुण्यातील निवडीचा विचार करू. प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, ही संस्था १९८८ साली स्थापन झाली. अमेरिकेकडून हव्या त्या क्षमतेचा महासंगणक मिळत नव्हता. म्हणून तो येथेच, तीन वर्षांच्या मुदतीत तयार करावा, असे काम तिच्याकडे सोपविण्यात आले. भटकर व त्यांचे सहकारी यांच्यापुढे दोन मार्ग होते. एक, अतिवेगवान असा स्वतंत्र प्रक्रियक घडविणे; दुसरा, बाजारात मिळणारे साधे प्रक्रियक मोठ्या संख्येने एकमेकांस जोडून त्यांच्याकडून एकत्र काम करवून घेणे. त्यांनी दुसरा मार्ग पत्करला. ब्रिटनमधील इन्मॉस या कंपनीचा 'ट्रान्सप्युटर' हा प्रक्रियक त्यांनी निवडला. शेजारच्या प्रक्रियकांशी थेट निरोपांची देवघेव करता यावी म्हणून त्याला चार जोडण्या मुळातच दिलेल्या असत. १९९१ साली 'परम ८०००' हा संगणक सिद्ध झाला.

निवड यशस्वी झाली. परंतु निवडलेले साधन टिकले नाही. १९८९ मध्येच इन्मॉस दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात गेली होती, आणि ट्रान्सप्युटरची पुढची आवृत्ती रेंगाळत जाऊन अखेर मागे पडली. आश्चर्य असे की 'परम' मात्र मागे पडला नाही. १९९४ चा 'परम ९०००' आणि १९९८ चा 'परम १००००' हे सन कंपनीच्या स्पार्क घराण्यातील प्रक्रियकांवर बांधले गेले; पुढचा 'परम पद्म' आयबीएमच्या प्रक्रियकांवर उभा राहिला आणि जून २००३ मध्ये जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत १७१ वा आला. प्रक्रियक तीनदा बदलला, तरी स्वतंत्र प्रक्रियकांनी परस्परांना निरोप धाडून काम करावे ही मूळ मांडणी कायम राहिली. १९९४ मध्ये याच रीतीचा 'एमपीआय' हा सार्वजनिक मानदंड जगाने स्वीकारला, तेव्हा या मांडणीला बाहेरचाही आधार मिळाला. साधन आणि मांडणी या दोन भिन्न वस्तू आहेत. एक गेली तरी दुसरी राखता येते, हा या प्रकरणाचा बोध होय.

३

याच संस्थेतील दुसरे कार्य प्रस्तुत विषयाला अधिक निकटचे आहे. कानपूरच्या आयआयटीमध्ये मोहन तांबे प्रभृतींनी भारतीय लिप्यांसाठी जे तंत्र विकसित केले होते, ते 'जिस्ट' या नावाने सी-डॅकमध्ये पुढे वाढले. संगणकात एक कार्ड बसविले की वर्डस्टार किंवा डीबेससारखी इंग्रजीसाठी लिहिलेली सॉफ्टवेअरे देवनागरीतही चालत. पण या कार्यातील खरी मोलाची गोष्ट ते कार्ड नव्हे, तर त्यामागील वर्णसंकेत, म्हणजे प्रत्येक वर्णास नेमून दिलेला क्रमांक, ही होय. 'इस्की' या नावाने ओळखला जाणारा हा संकेत १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने आयएस १३१९४ या क्रमांकाने स्वीकारला.

त्याचे तत्त्व सोपे होते. संगणकाने अक्षराचे चित्र साठवू नये, वर्ण साठवावा. 'कि' हे अक्षर लिहिताना वेलांटी डोळ्यांना आधी दिसते. पण उच्चारात 'क' आधी आणि 'इ' मागून येते. इस्कीमध्ये साठवणूक उच्चाराच्या क्रमाने होते. दर्शनी आकार घडविणे हे नंतरचे, वेगळे काम. यामुळे शब्द वर्णानुक्रमे लावता येतात, शोधता येतात. शिवाय ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिप्यांना एकच आराखडा पुरतो. ज्यांनी व्याकरणाचा अभ्यास केला आहे त्यांना या मांडणीत आपल्या वर्णमालेची जुनीच व्यवस्था ओळखीची वाटेल.

४

असा संकेत हाती असताना मराठी संकेतस्थळे त्यावर का उभी राहिली नाहीत? याचे उत्तर त्या काळच्या ब्राउझरमध्ये आहे. त्यांना इस्की कळत नव्हता. त्यांना रोमन अक्षरे कळत, आणि सांगितलेल्या फॉन्टमध्ये ती दाखविता येत. तेव्हा लहान गटांनी एक युक्ती योजिली. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेला फॉन्ट वापरावयाचा. म्हणजे संगणकाच्या समजुतीप्रमाणे मजकूर रोमनच राहतो, पण वाचकाला मराठी दिसते. उदाहरणार्थ, 'कृतिदेव' फॉन्टमध्ये 'क' हे अक्षर रोमन छोट्या 'डी'च्या जागी आहे. 'ख' दोन तुकड्यांनी बनतो. 'कि' लिहिताना वेलांटी आधी साठवली जाते आणि 'क' मागून. टंकलेखन यंत्राची हीच रीत असल्याने टंकलेखकांस ती सोयीची वाटली.

परंतु प्रत्येक फॉन्ट-निर्मात्याची जागावाटणी निराळी होती. एका फॉन्टमध्ये लिहिलेला लेख दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडला की त्याचे कडबोळे होई. वाचकाने प्रत्येक संकेतस्थळाचा फॉन्ट आधी उतरवून घ्यावा, अशी सूचना मुखपृष्ठावर द्यावी लागे. त्यावर उपाय म्हणून १९९७ च्या सुमारास पानाबरोबरच फॉन्ट धाडण्याची सोय आली. पण मायक्रोसॉफ्टची रीत वेगळी, नेटस्केपची वेगळी, आणि एकाची फाइल दुसऱ्यास चालत नसे. पुढे २००० साली नेटस्केपने नव्या आवृत्तीत आपली रीत सोडूनच दिली. तिच्यावर विसंबलेली पाने एका रात्रीत मुकी झाली.

येथे निवाडा देण्याची घाई करू नये. त्या गटांना अज्ञानी ठरविणे सोपे, पण अन्यायाचे आहे. गिऱ्हाइकाला पान या आठवड्यात दिसावयास हवे होते. शुद्ध मार्गाने ते दिसणे शक्य नव्हते. फॉन्टची युक्ती हा त्या परिस्थितीतील एकमेव चालणारा मार्ग होता. चुकले ते अन्यत्र. मजकुराची एकुलती एक प्रत त्याच युक्तीच्या रूपात ठेवली गेली, आणि कोणत्या जागी कोणते अक्षर आहे याचा तक्ता त्या प्रतीजवळ जपला गेला नाही. आत जाण्याचा मार्ग निवडण्यात दोष नव्हता. परतीची वाट राखली नाही, हा दोष होता.

इतिहासाच्या विद्यार्थ्यास येथे मोडीची आठवण होणे स्वाभाविक आहे. मोडी दप्तर वाचण्यास आज जाणकार लागतो. तथापि अक्षर कागदावर दिसते तरी, आणि शेकडो कागदांची परस्परांशी ताडणी करून ते लावता येते. फॉन्ट हरवलेल्या पानाची अवस्था त्याहून बिकट आहे. तेथे अक्षराचे रूपच उरत नाही; उरतो तो केवळ त्याच्या जागेचा क्रमांक.

५

यावरचा टिकाऊ उपाय आरंभापासून तयार होता. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या यूनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतील देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरूनच घेतलेला आहे. म्हणजे कानपूर-पुण्यात मांडलेला विचार जगाच्या मानदंडात गेला आणि तेथून तो मराठी संकेतस्थळांकडे परत आला. मात्र या प्रवासास दहा वर्षांहून अधिक काळ लागला. 'विंडोज २०००' मध्ये देवनागरीची सोय आली. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत नव्या संकेतस्थळांसाठी यूनिकोड हाच रूढ मार्ग झाला.

हा बदल फुकटचा नव्हता. यूटीएफ-८ या प्रचलित रीतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. 'अकोला' या शब्दात अ, क, ओकार, ल, काना अशी पाच चिन्हे आहेत. ती पंधरा बाइट व्यापतात. दूरध्वनीच्या तारेवरून मंदगतीने पाने उतरवून घेण्याच्या काळात हा आक्षेप निराधार नव्हता. शिवाय मराठीच्या खास गरजा सर्वच प्रथमपासून भागल्या असेही नाही. 'ॲ' या अक्षरास स्वतंत्र स्थान मिळावयास २००८ साल उजाडावे लागले. 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन भिन्न शब्द. त्यांतील दुसऱ्यात येणारा अर्धा 'र' यूनिकोडमध्ये दोन रीतींनी साठविता येतो. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात, पण एका रीतीने शोधल्यास दुसऱ्या रीतीने लिहिलेला शब्द सापडेलच असे नाही. जुन्या फॉन्टमधील मजकूर यूनिकोडमध्ये आणताना अशा जोडाक्षरांपाशीच बहुधा चुका राहतात, हे रूपांतरित ग्रंथांवर काम करणाऱ्या संशोधकाने ध्यानी ठेवावे.

महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे प्रमाण ठरविली. येथेही साधनाचा संबंध येतो. पानाच्या आरंभी भाषा मराठी आहे अशी नोंद केली, आणि फॉन्टमध्ये तशी तरतूद असली, तर तीच चिन्हे मराठी वळणाने दिसतात. नोंद केली नाही तर बहुधा हिंदी वळणाने. एका ओळीची ही शिस्त आहे. पण वर्ण एक आणि वळण वेगळे हा भेद ज्याला समजला, त्यालाच तिचे महत्त्व कळेल.

६

आता आजच्या गटाकडे वळू. त्याच्यापुढील प्रश्न वर्णसंकेताचा राहिलेला नाही. तो फ्रेमवर्कचा आहे. दर दोन-तीन वर्षांनी नवे साधन येते व जुने हिणकस ठरविले जाते. 'फ्लॅश'वर एके काळी हजारो संकेतस्थळे उभी होती. ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा आधार संपला. २०१० साली आलेल्या 'अँग्युलरजेएस'चा आधार ३१ डिसेंबर २०२१ रोजी संपला. उलट १९९१ मधील साध्या एचटीएमएलचे पान आजच्या ब्राउझरमध्ये विनासायास उघडते. मोठ्या कंपनीस जुने साधन टाकून सर्व काम नव्याने लिहिणे परवडते. तीन जणांच्या गटास ते परवडत नाही. आणि ज्या ग्रंथालयासाठी त्याने काम केले, त्यास तर मुळीच नाही.

म्हणून कोणते साधन श्रेष्ठ, या वादात लहान गटाने फार शक्ती घालवू नये. जे गटातील दोघांना तरी नीट येते, ज्याची माहिती सहज मिळते, ते पत्करावे. मात्र पत्करण्यापूर्वी एकच परीक्षा काटेकोरपणे घ्यावी : हे साधन उद्या बंद पडले, तर यात ठेवलेला मजकूर बाहेर कसा काढावयाचा? याचे उत्तर तोंडी न देता एकदा प्रत्यक्ष करून पाहावे. मजकुराची एक प्रत साध्या यूनिकोड फाइलींत, साधनापासून अलग ठेवावी. कामाची प्रत्येक पायरी २००५ पासून उपलब्ध असलेल्या 'गिट'सारख्या आवृत्ती-नोंदीच्या साधनात, कारणासह नोंदवावी. निवड का केली हेही तेथेच दोन ओळींत लिहून ठेवावे. कारण गटातील माणसे पुण्या-मुंबईस जातात, आणि निवडीचे कारण त्यांच्याबरोबर निघून जाते.

भटकरांच्या सहकाऱ्यांना ट्रान्सप्युटर गमावूनही 'परम' राखता आला, कारण त्यांची मांडणी प्रक्रियकाहून व्यापक होती. इस्कीचे कार्ड गेले, पण त्यातील तत्त्व यूनिकोडच्या रूपाने जगले, कारण ते आकाराला नव्हे तर वर्णाला बांधलेले होते. फॉन्टमध्ये लिहिलेली पाने मात्र फॉन्टबरोबर गेली. या तिन्ही उदाहरणांत साधने नष्टच झाली. फरक पडला तो साधनाबाहेर काय राखले होते याने.

या विभागातील विद्यार्थ्यांपुढे यातून एक काम उभे राहते. वऱ्हाडातील नियतकालिके, महाविद्यालये व संस्था यांच्या जुन्या संगणकांत आणि सीडींवर १९९५ नंतरचा फॉन्टबद्ध मजकूर जेथे शिल्लक असेल, तेथे तो त्याच्या फॉन्टसह गोळा करणे निकडीचे आहे. मोडीच्या कागदाला आणखी पन्नास वर्षे थांबता येईल. सीडीला तेवढा अवकाश नाही.