चाल कुणाची, नाव कुणाचे?

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. शाळा लवकर सुटली आणि पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या फाटक्या पुस्तकांवर झाले. संगणकावरच्या खेळांविषयी आम्ही बोलावे याचे कुणाला नवल वाटेल. पण आमच्या कचेरीत येणारा एक तरुण रात्री जागून असा खेळ रचतो. त्यातली झाडे, घरे, पाठीमागचे संगीत हे सारे त्याला जगातल्या अनोळखी माणसांनी एक पैसाही न घेता दिलेले आहे. हे ऐकून आम्ही सवयीचाच प्रश्न विचारला: मग त्यांच्या मजुरीचे काय?

तशी ही देवघेव आपल्याला परकी नाही. 1873 साली जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला आणि पुढे त्याचे जलसे गावोगाव हिंडले. साचा तमाशाचा, चाली लोकांच्या; शब्द तेवढे नवे. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशानेही तेच केले. आमच्या पूर्व विदर्भात दंडार नि खडी गंमत यांच्या चाली गावाची शीव ओलांडताना कुणाचा परवाना मागत नव्हत्या. मात्र कवनाच्या शेवटी कर्त्याचे नाव जपले जाई. तुकोबांच्या अभंगालाही मुद्रा आहेच.

कायद्याची रीत निराळी. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क आपोआप लागतो. कर्त्याच्या मनात द्यायचे असले तरी तसे सांगितल्यावाचून दुसऱ्याला घेता येत नाही. ही मुदत आता मृत्यूनंतर 60 वर्षे आहे. अण्णाभाऊ साठे 1969 साली गेले. त्यांच्या हयातीत छापलेले लेखनसुद्धा 2029 साल संपेपर्यंत मोकळे व्हायचे नाही. आणि 1944 साली अमर शेख व गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारणाऱ्या या शाहिराचे आयुष्य गरिबीतच गेले!

या अडचणीवर 2001 साली अमेरिकेत निघालेल्या क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने तोड काढली. डिसेंबर 2002 मध्ये तिचे पहिले परवाने आले. नाव सांगा आणि खुशाल वापरा, ही त्यांतली एक अट. म्हणजे आमची नाममुद्राच की! दुसरी अशी, की त्यातून जे नवे कराल तेही त्याच बोलीवर इतरांना द्या. 2009 पासून ओपनगेमआर्ट हे खेळांच्या चित्रांचे व संगीताचे भांडार सुरू झाले. पण दहा हातांची चित्रे दहा तऱ्हांची. एका खेळात ती विजोड दिसत. म्हणून 2012 च्या लिबरेटेड पिक्सेल कप या स्पर्धेत आधी एकाच धाटणीची चित्रे काढून घेतली, आणि मग त्यांवर खेळ रचले गेले. मुंबईच्या एकटाइपने मुक्ता व बालू ही देवनागरी अक्षरेही अशीच खुली दिली आहेत.

आमच्या एका सोबत्याचे संपातले गाणे पुढे कॅसेटवर भलत्याच्या नावाने आले. गाणे गेल्याचे त्याला दुःख नव्हते, नाव गेल्याचे होते. स्वखुशीने दिलेले दान वेगळे, आणि ‘तुमचे नाव होईल, पैसे कशाला?’ म्हणणाऱ्या मालकाने लाटलेली मेहनत वेगळी.

गेल्या वर्षी तो तरुण एका वृद्ध ढोलकीवाल्यांकडे दंडारीची चाल ध्वनिमुद्रित करायला गेला. सगळ्यांना फुकट द्यायची आहे, हे त्याने आधीच सांगितले. बाबा म्हणाले, “दे. पण आधी माझ्या गुरूचं नाव टाक, मग माझं. अन् आजचा रोज बुडाला, तो कोण देईल?”

तरुणाने खिशात हात घातला. कमी पडले तेवढे आम्ही घातले.