आडम, नरसय्या नारायण

सोलापूरचे कामगार नेते व मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे माजी आमदार. शहरात ते ‘आडम मास्तर’ म्हणूनच ओळखले जातात. पक्षाशी संलग्न ‘सिटू’ या कामगार महासंघाच्या माध्यमातून त्यांनी यंत्रमाग व विडी कामगारांच्या संघटना बांधल्या. १९७८, १९९५ आणि २००४ अशा तीन वेळा ते विधानसभेवर निवडून गेले. पूर्व भागातील तेलुगुभाषक कामगार वस्ती हा त्यांचा मुख्य आधार.

त्यांच्या कार्यात घरांचा लढा सर्वांत मोलाचा. विडी कामगार स्त्री कारखान्यातून तेंदूपत्ता, तंबाखू व दोरा घरी आणते, पाने भिजवून कापते, विड्या वळते आणि हजारी दराने मजुरी घेते. तिचे घर हाच तिचा कारखाना. भाड्याच्या एका खोलीत चूल, मुले आणि तंबाखूची धूळ एकत्र नांदत. हे ओळखून आडम यांनी मजुरीइतकाच निवाऱ्याचा प्रश्न लावून धरला. सोलापूरजवळ कुंभारी येथे कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरे उभी राहिली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती सुपूर्त झाली. पुढे असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची रे नगर योजना आली. २०१९ मधील तिच्या पायाभरणीत पंतप्रधान मोदींची प्रशंसा केल्याबद्दल पक्षाने त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिने निलंबित केले. जानेवारी २०२४ मध्ये पहिली पंधरा हजार घरे मिळाली. २००९ पासूनच्या विधानसभा निवडणुकांत मात्र त्यांना यश आले नाही.